डिस्क बदलली आणि वायफाय गेले

गेल्या वर्षी शाळा सुरू होऊन पंधराएक दिवस झाले असतील. ओळखीच्या एका विज्ञान शिक्षिका शाळेचा लॅपटॉप घेऊन माझ्याकडे आल्या. पिशवीत लॅपटॉप, वर्तमानपत्रात गुंडाळलेली त्याची जुनी हार्ड डिस्क आणि दुरुस्तीच्या दुकानातली एक चिठ्ठी. चिठ्ठीवर लिहिले होते : ‘वायफाय कार्ड खराब. बदलावे लागेल.’

बाईंनी सांगितलेली हकिगत अशी. लॅपटॉप देणगीत मिळालेला, दहा-बारा वर्षांचा. सुरू व्हायलाच पाच-सात मिनिटे घ्यायचा. विज्ञान मंडळातल्या नववीच्या दोन मुलांनी पुढाकार घेतला, बाईंनी परवानगी दिली आणि एका शनिवारी मुलांनी आतली फिरती हार्ड डिस्क काढून तिच्या जागी एसएसडी बसवली. जुन्या डिस्कवर विंडोज ७ होते. त्याला सुरक्षेच्या सुधारणा मिळणे जानेवारी २०२० मध्येच बंद झाले आहे, म्हणून नव्या डिस्कवर मुलांनी उबुंटू ही लिनक्स प्रणाली घातली. लॅपटॉप अर्ध्या मिनिटात सुरू होऊ लागला. पण वायफाय नाही! ‘वायफाय अडॅप्टर सापडला नाही’ एवढेच पडद्यावर येई.

मुलांनी डोके चालवले आणि जुनी डिस्क परत बसवून पाहिली. हा विचार खरोखर चांगला होता. डिस्क बदलल्यामुळे बिघाड झाला असेल, तर जुनी डिस्क घातल्यावर तो नाहीसा व्हायला हवा. पण जुन्या डिस्कवरही वायफाय चालेना. मग दुकान, मग ती चिठ्ठी आणि मग मुख्याध्यापकांचा निर्णय : मुलांनी शाळेची वस्तू बिघडवली, यापुढे संगणकाला हात लावायचा नाही.

“डिस्कचा आणि वायफायचा संबंध काय?” बाईंनी विचारले. “आणि संबंध असेल, तर जुनी डिस्क घालून का नाही चालत?”

बाईंचा दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा अवघड होता. पण आधी पहिला पाहू या.

कोणती गोष्ट कुठे राहते?

वायफाय म्हणजे रेडिओच. लहरी घेणारा आणि सोडणारा भाग एका छोट्या कार्डावर असतो. पोस्टाच्या मोठ्या तिकिटाएवढे हे कार्ड लॅपटॉपच्या पोटात बसवलेले असते. त्याचे अँटेना मात्र तिथे नसतात. बहुतेक लॅपटॉपांमध्ये ते झाकणात, पडद्याच्या कडेने लपवलेले असतात आणि बारीक तारांनी बिजागरीतून खाली कार्डापर्यंत आणलेले असतात. यातले काहीही डिस्कवर नाही. डिस्क काढून फेकून दिली तरी रेडिओ जागच्या जागी राहतो.

पण नुसता रेडिओ असून भागत नाही, तो चालवणारा लागतो. प्रत्येक बनावटीच्या कार्डाशी बोलण्याची रीत वेगळी. ती रीत जाणणाऱ्या प्रोग्रॅमला ड्रायव्हर म्हणतात आणि तो राहतो डिस्कवर. काही कार्डांना याखेरीज आणखी एक गोष्ट लागते. त्यांच्या स्वतःच्या चिपमध्ये चालणारा प्रोग्रॅम त्यांच्याजवळ कायमचा साठवलेला नसतो. दर वेळी यंत्र सुरू झाले की तो डिस्कवरून कार्डात भरावा लागतो. त्याला फर्मवेअर म्हणतात. वायफायचे पासवर्डही डिस्कवरच साठवलेले असतात. म्हणजे डिस्क बदलली की रेडिओ राहतो, पण त्याचा चालक, त्याची रोजची शिदोरी आणि किल्ल्यांचा जुडगा असे तिन्ही जाते. डिस्कचा वायफायशी संबंध आहे तो असा.

अर्थात हे नव्या डिस्कवर प्रणाली नव्याने घातली असेल तर. जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल नव्या डिस्कवर उतरवली असेल, तर ड्रायव्हर, फर्मवेअर, पासवर्ड सगळेच नव्या घरी आलेले असते. अशा वेळी वायफाय गेले, तर ड्रायव्हरवर संशय घेण्यात फारसा अर्थ नाही. म्हणून कोणी ‘डिस्क बदलली आणि वायफाय गेले’ असे म्हणाले, की माझा पहिला प्रश्न असतो : नक्कल केली, की प्रणाली नवी घातली?

‘चालत नाही’चे दोन अर्थ

आता बाईंचा दुसरा प्रश्न. मी त्यांना विचारले, “जुनी डिस्क घातली तेव्हा पडद्यावर नेमके काय दिसत होते?”

“चालत नव्हतं.”

“हो, पण दिसत काय होते?”

बाईंनी आठवून सांगितले की, आसपासच्या वायफाय जाळ्यांची यादी रिकामी होती. मग त्या थांबल्या आणि म्हणाल्या, “एकदा शिक्षकांच्या खोलीत शाळेच्या वायफायचं नाव आलं होतं. पण लगेच गेलं.” शाळेचा राउटर त्याच खोलीत, कपाटावर ठेवलेला आहे.

हे वाक्य ना दुकानात कोणी विचारले होते, ना शाळेत. सगळे एकच प्रश्न विचारत होते : चालते की नाही? त्याचे उत्तर दोन्ही डिस्कांवर ‘नाही’ असे एकच होते. पण ही दोन ‘नाही’ वेगवेगळी होती. नव्या डिस्कवर यंत्र म्हणत होते, ‘माझ्याकडे रेडिओच नाही.’ जुन्या डिस्कवर ते म्हणत होते, ‘रेडिओ आहे, पण ऐकू काही येत नाही.’ दवाखान्यात एक जण बोलता येत नाही म्हणून आणि दुसरा ऐकू येत नाही म्हणून आला, तर दोघांनाही ‘संभाषण बंद’ असे लिहून एकच औषध द्यायचे का?

आपल्याला मुलांना शिकवायची सवय असते की, प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलावी. नियम बरोबरच आहे. मुलांनी तो पाळलाही. पण बिघाड दोन असले आणि आपण फक्त शेवटचे फळ पाहत राहिलो, तर हा नियम आपल्याला चकवतो. पहिला बिघाड दुरुस्त केला तरी दुसऱ्यामुळे फळ ‘नाही’च राहते. आपण म्हणतो, ‘याने काही फरक पडला नाही’, आणि बरोबर केलेली दुरुस्ती उलटवून मोकळे होतो. मुलांनी जुनी डिस्क घातली तेव्हा ड्रायव्हर परत आला होता. निम्मे काम झाले होते. ते कोणाच्या लक्षात आले नाही, कारण निम्मे काम मोजण्याची सोय ‘चालते की नाही’ या प्रश्नात नाही.

म्हणून साखळीच्या प्रत्येक कडीला तिचा स्वतःचा प्रश्न विचारावा लागतो. कार्ड यंत्राला दिसते का? ड्रायव्हर त्याच्याशी बोलतो का? रेडिओ चालू आहे का? (काही लॅपटॉपांच्या कडेला एक बारीकशी सरकती कळ असते, काहींत विमानाचे किंवा मनोऱ्याचे चित्र असलेले बटण असते. पिशवीतून काढताना ती कळ सरकली म्हणून दुकानात गेलेले लॅपटॉप मी पाहिले आहेत.) आसपासची जाळी ऐकू येतात का, आणि किती जोरात? पासवर्ड मान्य होतो का? राउटरकडून पत्ता मिळतो का? मिळालेला पत्ता १६९.२५४ या आकड्यांनी सुरू होत असेल, तर तो राउटरने दिलेला नसतो. कोणीच पत्ता देईना म्हणून यंत्राने स्वतःच घेतलेला तो तात्पुरता पत्ता असतो. आणि शेवटी, राउटरच्या पलीकडचे जग दिसते का? जिथे पहिल्यांदा ‘नाही’ येते, तिथे थांबायचे. तिच्या पुढच्या कड्यांबद्दल अजून काहीच कळलेले नाही, हेही ध्यानात ठेवायचे.

पहिले ‘नाही’

नवी डिस्क बसवून लॅपटॉप सुरू केला. लिनक्सवर ‘एलएसपीसीआय’ अशी एक आज्ञा आहे. यंत्राच्या मुख्य पाटीवर जोडलेल्या उपकरणांची यादी ती देते, त्यांचा ड्रायव्हर असो वा नसो. प्रत्येक उपकरण विचारल्यावर दोन क्रमांक सांगते, एक बनवणाऱ्याचा आणि एक नमुन्याचा. (इंटेल कंपनीने स्वतःसाठी ८०८६ हा क्रमांक घेतला आहे. १९७८ च्या तिच्या प्रसिद्ध प्रोसेसरचे नाव तेच होते. अभियंत्यांचाही विनोद असा कुठेतरी सापडतो.) विंडोजवर हीच माहिती डिव्हाइस मॅनेजरमध्ये मिळते. ड्रायव्हर नसलेले उपकरण तिथे पिवळ्या खुणेसह दिसते.

यादीत वायफाय कार्ड होते. स्वतःचे दोन्ही क्रमांक नीट सांगत होते. मेलेले कार्ड सहसा असे उत्तर देत नाही. दुकानाच्या चिठ्ठीबद्दल इथेच शंका आली. नवे कार्ड घेतले असते तरी उपयोग झाला असताच असे नाही. त्या काळच्या काही लॅपटॉपांचे बायॉस आपल्या यादीत नसलेले कार्ड स्वीकारतच नाही. पैसे गेले असते आणि मुलांवरचा ठपका पक्का झाला असता.

मग ‘अडॅप्टर सापडला नाही’ असे का? कारण या चिपच्या निर्मात्यांनी ड्रायव्हर खुला केलेला नव्हता. तो उबुंटूबरोबर आपोआप बसत नाही, मागून घ्यावा लागतो. लिनक्सच्या जगात हा जुना वाद आहे. फक्त मुक्त सॉफ्टवेअरच देणार, असे ठरवले तर कित्येकांचे वायफाय पहिल्या दिवशी चालत नाही. डेबियन या लिनक्सने वर्षानुवर्षे तत्त्व सांभाळले आणि अखेर जून २०२३ मध्ये आलेल्या आवृत्ती १२ पासून असे फर्मवेअर अधिकृत स्थापना-संचातच द्यायला सुरुवात केली.

मागून घ्यावा लागतो खरा, पण तो असतो इंटरनेटवर, आणि इंटरनेट येते वायफायवरून! पेटी उघडायची किल्ली पेटीतच. यातून वाट काढायला मोबाइल पुरतो. फोन चार्जिंगच्या तारेने लॅपटॉपला जोडायचा आणि फोनच्या सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करायचे. लॅपटॉपला तो फोन तारेच्या नेटवर्कसारखा दिसतो आणि त्याला वायफायच्या ड्रायव्हरची गरज लागत नाही. पाच मिनिटांत उबुंटूच्या ‘ॲडिशनल ड्रायव्हर्स’ या सोयीतून ड्रायव्हर उतरवला आणि लॅपटॉप पुन्हा सुरू केला. आता अडॅप्टर सापडत होता. जाळ्यांची यादी मात्र रिकामी. म्हणजे नवी डिस्क आता नेमकी तिथे येऊन थांबली होती जिथे जुनी थांबली होती. दोन्ही डिस्का एकच तक्रार करू लागल्या, तेव्हा दोष डिस्कचा नाही हे उघड झाले.

दुसरे ‘नाही’

लॅपटॉप उचलून राउटरपासून तीन मीटरवर ठेवला. माझ्या जाळ्याचे नाव उमटले, तेही फिकट. सिग्नल उणे ७८ डीबीएम. शेजारी ठेवलेल्या माझ्या लॅपटॉपवर उणे ४५.

हे एकक भौतिकशास्त्राच्या शिक्षकांना आवडावे असे आहे. एक मिलिवॅट शक्ती म्हणजे शून्य डीबीएम. त्यानंतर दर दहाने उतरताना शक्ती दहा पटींनी घटते. उणे १० म्हणजे मिलिवॅटचा दहावा भाग, उणे २० म्हणजे शंभरावा. या हिशोबाने उणे ७८ म्हणजे सुमारे १६ पिकोवॅट. घरगुती राउटर १०० मिलिवॅटच्या आसपास सोडतो, यावरून त्यातले किती हाती लागते याची कल्पना यावी. आणि आपला रेडिओ तेवढ्यातून अक्षरे वेचतो! एकाच जागी ठेवलेल्या दोन यंत्रांत दहाचा फरक असेल तर सोडून द्यावा, प्रत्येकाची बनावट वेगळी, मोजमापही थोडे वेगळे. पण ३३ चा फरक म्हणजे दोन हजार पट. एवढा फरक सोडून देण्यासारखा नव्हता.

बॅटरी काढली, खालचे झाकण उघडले. या लॅपटॉपमध्ये डिस्क आणि वायफाय कार्ड एकाच झाकणाखाली शेजारी शेजारी आहेत आणि अँटेनाच्या दोन तारा, एक काळी आणि एक पांढरी, डिस्कच्या चौकटीला लागून जातात. कार्डावर सोनेरी रंगाची दोन गोल बटणे असतात, त्यांवर तारांची टोके दाबून बसवतात. पांढरी पूर्ण सुटून बाजूला पडली होती. काळी बटणावर नुसती टेकलेली होती. डिस्क ओढून काढताना तारांना हिसका बसला, एवढेच झाले होते.

आता तार सुटली तरी थोडे का होईना ऐकू कसे येते? २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साडेबारा सेंटिमीटर असते (प्रकाशाच्या वेगाला वारंवारतेने भागून मुलांकडून काढून घ्या). साध्या अँटेनाची लांबी तिच्या चौथ्या हिश्शाएवढी, म्हणजे तीन सेंटिमीटरच्या आसपास लागते. कार्डावरचे बटण जेमतेम दोन मिलिमीटरचे. तेही धातूच आहे, त्यामुळे तेही अँटेनाचे काम करते, पण फारच वाईट. लहर जवळून आणि जोरात आली तर थोडेसे कानावर पडते, नाहीतर नाही. शिक्षकांच्या खोलीत कपाटाखाली उभे असताना नाव दिसले आणि लगेच गेले, त्याचे कारण हे. मेलेले कार्ड असते, तर कपाटाखालीही काही दिसले नसते.

ही टोके बसवताना घाई करू नये. तार न ओढता टोक बटणाच्या बरोबर मध्यावर ठेवायचे आणि बोटाने सरळ खाली दाबायचे. ‘टिक्’ असा बारीक आवाज येतो. तिरपे दाबले तर कड वाकते आणि मग ते कधीच नीट बसत नाही. या जोडण्या वारंवार काढघाल करण्यासाठी बनवलेल्याच नसतात. सर्वसाधारण प्रकाराची हमी तीसएक वेळांची असते. अलीकडच्या कार्डांवर बटणे याहून लहान असतात.

दोन्ही टिक् झाली. झाकण लावून तोच लॅपटॉप त्याच जागी ठेवला. उणे ४७. म्हणजे ३१ डीबीची वाढ, साडेबाराशे पट. अंतराच्या भाषेत सांगायचे, तर शक्ती अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते. म्हणून तीन मीटरवर बसलेला हा लॅपटॉप आतापर्यंत मोकळ्या मैदानात शंभर मीटर दूर असल्यासारखा ऐकत होता.

हा व्यस्त वर्गाचा नियम वर्गात मोजून पाहता येतो. सिग्नलची तीव्रता डीबीएममध्ये दाखवणारी फुकट ॲप अँड्रॉइड फोनवर मिळतात. एका फोनचे हॉटस्पॉट चालू करून मैदानात स्टुलावर ठेवा आणि दुसरा फोन घेऊन १, २, ४, ८, १६ मीटरवर मुलांकडून आकडे लिहून घ्या. अंतर दुप्पट झाले की साधारण सहाने उतार पडायला हवा. तो अगदी तसाच पडत नाही. जमिनीवरून परतलेल्या लहरी आणि फोन धरणारा हात, दोन्ही लुडबुड करतात. वर्गखोलीत तर आकडे चार पावलांवर वर-खाली होतात. हॉटस्पॉटचा फोन स्टीलच्या डब्यात ठेवून झाकण लावा आणि पुन्हा मोजा. किती उतरतो आणि झाकण जरा किलकिले केले तर काय होते, ते मुलांनीच पाहावे.

चूक कोणाची?

निघताना बाईंनी विचारले, “मग मुलांची चूक होती की नव्हती?”

ड्रायव्हर नसणे ही कोणाचीच चूक नव्हती. नव्या प्रणालीवर त्या कार्डाचे तसेच होणार होते. तारा मुलांच्या हातून सुटल्या, हे खरे. पण त्या तशा कोणाच्याही हातून सुटतात, माझ्याही सुटल्या आहेत, आणि त्या बसवायला अर्धे मिनिट लागते. ‘डिस्क बदलल्यानंतर गेले’ हे निरीक्षण आहे. ‘मुलांनी कार्ड जाळले’ हा त्यावरून काढलेला निष्कर्ष होता, आणि तो तपासलेला नव्हता. मी एका कागदावर उणे ७८ आणि उणे ४७ हे दोन आकडे, त्यांच्यामध्ये काय केले ते आणि खर्च शून्य असे लिहून बाईंबरोबर मुख्याध्यापकांना पाठवले. आठवड्याने बाईंचा फोन आला. मुलांवरची बंदी उठली होती, मात्र लॅपटॉप उघडताना बाई समोर हव्यात अशी अट होती. अट योग्यच आहे.

दिवाळीनंतर त्याच मुलांनी शाळेचा दुसरा लॅपटॉप हाती घेतला. या वेळी त्यांनी विंडोजसकट जुन्या डिस्कची नक्कल उतरवली, तारांना धक्का लागू दिला नाही. रविवारी सकाळी त्यांचा फोन आला.

“सर, कार्ड दिसतंय. सिग्नल उणे ५१ आहे. पासवर्ड घेतला. पत्ता १९२.१६८ चा आहे, म्हणजे राउटरनंच दिलाय. पण एकही साइट उघडत नाही. सगळ्या म्हणतात, सर्टिफिकेट चालत नाही.”

मी म्हटले, “वायफाय तर उत्तम चाललेय. घड्याळ बघा.”

थोडा वेळ शांतता. मग दुसऱ्या मुलाचा आवाज, “सर, १ जानेवारी २०१२.”

उघडण्यापूर्वी त्यांनी बॅटरी काढली होती, तशी ती काढायलाच हवी. पण बॅटरी नसताना यंत्राचे घड्याळ चालू ठेवणारा नाण्याएवढा सेल इतक्या वर्षांत संपलेला होता, त्यामुळे घड्याळ मूळपदावर गेले. प्रत्येक सुरक्षित साइट आपली ओळख पटवताना कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत वैध असा दाखला देते, आणि ब्राउझर तो आपल्या घड्याळाशी ताडून पाहतो. २०१२ मध्ये बसलेल्या यंत्राला आजचा प्रत्येक दाखला भविष्यातला, म्हणून खोटा वाटत होता. विंडोज एरवी इंटरनेटवरून वेळ आपोआप जुळवते, पण फरक वर्षांचा असला की ते स्वतःहून काटे फिरवत नाही. मुलांनी हाताने तारीख घातली आणि साइट उघडल्या. त्या लॅपटॉपात सेल नुसता खोबणीत बसवलेला होता. तसा नवा सेल त्यांना संध्याकाळी बाजारात घड्याळवाल्याकडे मिळाला.